सुरतेची पोटनिवडणूक आणि मामांचं मत

सुरत म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक शाळेच्या पुस्तकातली, शिवाजी महाराजांची 1664 ची स्वारी. आणि दुसरी घरातली, लग्नाच्या बस्त्यातली साडी. माझ्यासाठी तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे मामा. मामा मूळचे उगारजवळच्या खेड्यातले. इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर म्हणून हात बसला आणि तिथून एका ओळखीच्या माणसाबरोबर ते सुरतेला गेले. "दोन वर्षं करतो आणि येतो," असं आजीला सांगून गेलेले मामा तिकडेच राहिले.

डिसेंबर 2013 मध्ये मामेभावाचा साखरपुडा ठरला, म्हणून आई आणि मी मिरजेहून अजमेर एक्सप्रेसने निघालो. म्हैसूरहून निघणारी ही गाडी म्हणजे आपल्या भागाची गुजरातकडे जाणारी वाटच. डब्यात हुबळीचं कन्नड, मिरजेची मराठी आणि वसईनंतर चढलेली गुजराती, अशी तिन्ही भाषांची सरमिसळ झालेली होती.

मामांचं घर लिंबायतला. तिथल्या गल्लीत शिरलो आणि क्षणभर वाटलं की आपण जळगाव-धुळ्याकडेच आलो. ओट्यावर बसलेल्या बायका अहिराणीत बोलत होत्या, दुकानांच्या पाट्यांवर पाटील, महाजन, चौधरी ही नावं होती. तापीच्या खोऱ्यातून भुसावळ-सुरत रेल्वेने खानदेशची माणसं इथे आली आणि लूम्सच्या खात्यांत, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत रुजली. सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी आणि मराठी अशा सात माध्यमांत चालतात, हे ऐकून आई मला म्हणाली, "बघ, आणि आपण दोन भाषांवरून भांडतो."

आम्ही पोचलो तेव्हा शहरात एक निवडणूक चालू होती. सुरत पश्चिमचे आमदार किशोर वांकावाला यांचं निधन झालं होतं आणि त्या जागेसाठी 4 डिसेंबरला मतदान होतं. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांच्या आत ती भरायची, असा कायदा आहे. मुदत संपायला वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल तर मात्र ही अट लागू होत नाही. आपण याला पोटनिवडणूक म्हणतो, गुजरातीत पेटाचूंटणी आणि कन्नडमध्ये उपचुनावणे. नाव कुठलंही घ्या, तिच्या मागे बहुधा कुणाचं तरी जाणं असतं, कधी जगातून, कधी पक्षातून.

होणारे व्याही अडाजणला राहत. ते मूळचे जळगावकडचे, पण सुरतेत त्यांची दुसरी पिढी. त्यांच्याकडे जायचं तर लिंबायतहून रेल्वेचे रूळ ओलांडून, मजुरा गेट, अठवा गेट करत सरदार पुलावरून तापीच्या पलीकडे जावं लागतं. पूल उतरलो आणि प्रचार दिसू लागला. इकडे लिंबायतला त्याचा मागमूसही नव्हता. उमेदवार काही मला प्रत्यक्ष दिसले नाहीत. दिसली ती त्यांच्या नावाने ओरडत जाणारी रिक्षा. भाजपने पूर्णेश मोदी या वकिलांना उभं केलं होतं. मी कान देऊन ऐकत होतो, कुठे भाषेचा, प्रांताचा शब्द येतो का ते. माझ्या कानावर तरी तो आला नाही. सीमाभागातल्या माणसाला हे जरा चुकल्यासारखंच वाटतं. आपल्याकडे कर्णा लागला की पहिला प्रश्न 'कुणाच्या बाजूचा?' हाच असतो.

पुलाच्या अडाजण बाजूला पोंक विकणाऱ्यांचे मांडव होते. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, उत्तर कर्नाटकात ज्याला सीतनी म्हणतात तोच. फक्त इथे तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात आणि त्याचे वडेही करतात. मामांनी मूठभर पोंक तळहातावर चोळला, फुंकर मारली आणि म्हणाले, "गावाकडं आता शेतात बसून खात असतील, न्हाई?" उत्तराची त्यांना गरज नव्हती.

साखरपुडा मतदानाच्या दुसऱ्या दिवशी होता. व्याही दारातच स्वागताला उभे होते आणि त्यांच्या डाव्या तर्जनीवर काळी शाई होती. ती बघून पाहुण्यांत निवडणुकीच्या गप्पा निघाल्या. एक जण म्हणाला, ही शाई कर्नाटकातून येते. खरंच आहे ते. 1962 च्या निवडणुकीपासून म्हैसूरचा सरकारी रंग कारखाना ती बनवतो. व्याह्यांनी हसत मामांना विचारलं, "तुमच्याकडे लिंबायतला तर मराठी बाई आमदार आहेत. 2012 ला तुम्ही मत दिलंत की नाही?" संगीता पाटील तेव्हा नुकत्याच निवडून आल्या होत्या. मामांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, "माझं नाव गावाकडं आहे."

रात्री मी त्यांना छेडलं. इतकी वर्षं सुरतेत राहून नाव गावात कसं? मामी मध्येच म्हणाल्या, "रेशन कार्ड इथलं, गॅस इथला, मुलं इथली. मत तेवढं उगारला." मामा म्हणाले, "नाव काढलं की गावात माझं काय उरतं? घर पडलं, जमीन भावाच्या नावावर. यादीत नाव आहे म्हणून मी अजून तिथला." एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात राहू शकतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गाव निवडलं होतं, पण मतदानाला तिथे जाणं काही त्यांना जमत नव्हतं. म्हणजे दोन्हीकडून बोट कोरंच.

पूर्णेश मोदी मोठ्या फरकाने निवडून आले. पुढे 2017 आणि 2022 लाही तेच जिंकले. पण देशाला त्यांचं नाव कळलं ते वेगळ्याच कारणाने. 2019 मध्ये कर्नाटकात कोलारच्या सभेत राहुल गांधी मोदी आडनावावरून जे बोलले, त्याविरुद्ध त्यांनी सुरतेच्या न्यायालयात फिर्याद केली. मार्च 2023 मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली, राहुल गांधींची खासदारकी गेली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर ती परत मिळाली. पोटनिवडणुकीतून आलेल्या आमदाराच्या फिर्यादीने वायनाडवर पोटनिवडणुकीची वेळ आणली होती, ती अशी टळली.

मामेभावाला मुलगी झाली आणि मामांनी शेवटी सहा नंबरचा फॉर्म भरला. 2017 च्या विधानसभेला त्यांनी लिंबायतमधून पहिलं मत दिलं. गावाच्या यादीतून नाव गेलं. आम्हाला त्यांनी हे कळवलंसुद्धा नाही, मामींनी सांगितलं.

आणि मग 2019 चा डिसेंबर आला. पुन्हा हुरड्याचे दिवस, आणि या वेळी पोटनिवडणूक आपल्याच दारात. अथणी, कागवाड, गोकाक, तिन्हीकडे 5 डिसेंबरला मतदान. कागवाडची गंमत तर सगळ्यांना आठवत असेल. 2018 ला श्रीमंत पाटील काँग्रेसचे आणि राजू कागे भाजपचे. दीड वर्षात माणसं तीच राहिली आणि चिन्हं अदलाबदल झाली. श्रीमंत पाटील पुन्हा जिंकले. मतदानाच्या आठवडाभर आधी गावातून मामांना फोन गेला होता, "या, गाडीची सोय करतो." मामांनी सांगितलं, नाव आता सुरतेला आहे. पलीकडचा माणूस एवढंच म्हणाला, "मग राहू दे." त्या संध्याकाळी मामांनी मला फोन केला. इतक्या वर्षांनी ते माझ्याशी कन्नडात बोलले, "यारिगी हाकिदी?" कुणाला टाकलंस? मी सांगितलं नाही, त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. मग शाळेत केंद्र कुठल्या खोलीत होतं, रांग केवढी होती, चिंचेचं झाड आहे का, हे मात्र खोदून खोदून विचारलं.

2024 ला लोकसभेच्या वेळी सुरत पुन्हा बातमीत आली. काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि 22 एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. अडाजण त्याच मतदारसंघात येतं, म्हणजे व्याह्यांना मतदान नाही. लिंबायत मात्र नवसारी मतदारसंघात. तिथले उमेदवार सी. आर. पाटील, मूळचे जळगाव जिल्ह्यातले. 7 मे रोजी तिथे मतदान झालं.

त्याच सुट्टीत मी सुरतेला गेलो होतो. व्याही लिंबायतला आले होते. मामांच्या बोटावर शाई होती, व्याह्यांचं बोट कोरं. दहा वर्षांपूर्वीचा तो साखरपुडा मला आठवला, मामांनाही आठवला असणार. पण त्यांनी व्याह्यांना टोमणा मारला नाही. नात पुढे आली, आजोबांचं बोट धरून विचारू लागली, हे काय? ती गुजराती बोलते, मराठी समजते, कन्नडचा तिला गंध नाही.

मामा तिला म्हणाले, "ही शाई आपल्या गावाकडून येते."

म्हैसूर आणि उगार यांच्यात किती अंतर आहे, हे मामांना चांगलं माहीत आहे. मी काही बोललो नाही.