दुसरी प्रत

ज्या वस्तूच्या दोन प्रती घरांत आहेत, तिच्याविषयीं माणूस किती निर्धास्त असतो! कुलपाची दुसरी किल्ली असली म्हणजे पहिली कोठेंहि पडो. परंतु ती दुसरी किल्ली खरोखरच जागेवर आहे कीं नाहीं, हें पाहण्याची तसदी पहिली हरवेपर्यंत सहसा कोणी घेत नाहीं.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत मध्यंतरीं या मनुष्यस्वभावाचें प्रत्यंतर आलें. कोणतें पुस्तक कोठें आहे आणि कोणाकडे गेलें आहे, हा सारा डेटाबेस आतां संगणकावर असतो. आणि तो नाहींसा होऊं नये म्हणून त्याची राखीव प्रत रोज रात्रीं दुसऱ्या एका सर्व्हरवर उतरते. या सर्व्हरमध्यें एकसारख्या दोन डिस्क. एकीवर जें अक्षर उमटेल तेंच त्याच क्षणीं दुसरीवर उमटावयाचें. म्हणून या व्यवस्थेला ‘मिरर’ म्हणजे आरसा म्हणतात. अमेरिकेंत बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनीं १९८८ सालीं अशा जोडण्यांची पद्धतशीर मांडणी करून त्यांना ‘रेड’ हें नांव दिलें. आरशाची युक्ति मात्र त्याहूनहि जुनी.

यांपैकीं एक डिस्क बंद पडून कित्येक आठवडे लोटले होते, आणि कोणालाहि त्याचा पत्ता नव्हता! आरशाचा जो गुण तोच त्याचा दोष. एक डिस्क गेली तरी काम अडत नाहीं. आणि काम अडत नाहीं म्हणूनच ती गेल्याचें कळत नाहीं. यंत्र आपल्या परीनें लाल दिवा लावून बसलें होतें. पण जिन्याखालच्या त्या कोंदट खोलींत डोकावण्याचें कोणाला कारणच पडलें नव्हतें.

दुरुस्तीला आलेला तरुण माझाच जुना विद्यार्थी निघाला. हात लावण्यापूर्वीं त्यानें दोन्ही डिस्कांवरचे क्रमांक पुन्हां पुन्हां ताडून पाहिले.

“एवढा वेळ कशाला रे?” मीं विचारलें.

“सर, घाईंत चांगलीच डिस्क बाहेर ओढली, तर दोन्ही गेल्या म्हणून समजा,” तो म्हणाला.

नवी डिस्क बसली आणि खरा कसोटीचा काळ सुरू झाला. उरलेली डिस्क गेलेलीच्याच वयाची, एकाच दिवशीं खरेदी केलेली. आणि तिलाच आतां आपलें सारें अंतरंग पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवावयाचें होतें. सोबती गेल्यावर थकलेल्या म्हाताऱ्याला दोघांचें ओझें उचलावयास सांगावें, तसाच तो प्रकार. सायंकाळपर्यंत तें काम सुखरूप पार पडलें.

माझ्या मनांत मात्र निराळाच विचार घोळूं लागला. आरसा मरणापासून रक्षण करील, पण चुकीपासून कसें करणार? कारकुनानें एक ओळ खोडली कीं ती दोन्ही डिस्कांवरून एकदमच पुसली जाते. ज्ञानेश्वरीच्या नशिबीं असा आरसा असता तर? तिच्या प्रती निरनिराळ्या हातांनीं झाल्या आणि त्यांत अपपाठ शिरले, हें खरें. परंतु प्रती निरनिराळ्या होत्या म्हणूनच शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांना तिचा पाठ शुद्ध करतां आला.

शिवाय दोन्ही प्रती एकाच पेटींत असल्या, तर पाण्याच्या दृष्टीनें ती एकच प्रत. २०१९ च्या ऑगस्टमध्यें आमच्या पंचगंगेनें राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर मजल मारली. २०२१ च्या जुलैंत पुन्हां महापूर आला. कपाटांतला मूळ कागद कोणता आणि नक्कल कोणती, हें नदी विचारीत नाहीं.

म्हणून डेटाबेसची तिसरी प्रत आतां दर आठवड्यास गांवाबाहेर, चढावरील एका इमारतींत जाते. आणि महिन्यांतून एकदां ती उघडून, वाचून पाहावयाची असा नियम झाला आहे. जी कधीं वाचून पाहिली नाहीं, त्या प्रतीवर भरंवसा तो कसला ठेवावयाचा? आमच्या वाडवडिलांनीं पोथ्यांचीं पारायणें पुण्यासाठीं केलीं असतील. पण सातव्या अध्यायाचें पान वाळवीनें खाल्लें आहे, हें पारायणाला बसलेल्यालाच प्रथम कळत असे.