गाडीतली शिट्टी आणि नानांची कॅसेट



२०२० साली इस्राएल आणि अमिरातीचा करार झाला, तेल अविवहून दुबईला सरळ विमान सुरू झाले, म्हणून आमच्या आईला अश्दोदहून इकडे येणे जमले. २०२३ च्या एप्रिलात, पेसाह झाल्यावर ती आली. अबुधाबीला सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग एकाच आवारात बांधले आहेत. त्याच वर्षी मार्चपासून ते लोकांना खुले झाले होते. सिनेगॉगला मोझेस बेन मायमोन यांचे नाव आहे. ते बघितल्याशिवाय परत जाणार नाही, असा आईचा हट्ट.

पण आईला दमा. नेब्युलायझर लागतो, आणि दुबई-अबुधाबी एका बाजूने सुमारे १४० किलोमीटर. वाटेत दम लागला तर मशीन कुठे लावणार? म्हणून आम्ही गाडीत इन्व्हर्टर बसवून घेतला. मुलांनो, गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, आणि घरातले मशीन चालते २३० व्होल्टवर. इन्व्हर्टर हे मधले काम करतो. एका गॅरेजवाल्याने तासाभरात तो सीटखाली बसवून दिला. आम्ही खूश.

आता नानांच्या कॅसेटचे सांगतो. नानांनी अलिबागला घरच्या मालिद्याच्या वेळी योसेफाच्या गोष्टीवर कीर्तन केले होते. १९८२ साल. कोणीतरी ते टेप केले. नानांचा आवाज म्हणून घरात राहिले ते एवढेच. कॅसेट फार वाजवून झिजली होती, म्हणून भाच्याने ती फोनवर उतरवून दिली. वाटेत आईला ऐकवायची, असे आम्ही ठरवले होते.

रविवारी सकाळी निघालो. शेख झायेद रोडला लागलो, फोन गाडीच्या रेडिओला जोडला, चार्जिंग इन्व्हर्टरच्या यूएसबीवर लावले. नाना बोलू लागले आणि मागून बारीक शिट्टी! गाडी पळाली की शिट्टी चढे, हळू झाली की उतरे. आई म्हणाली, "गेली रे टेप. शेवटी तीही गेली." आणि खिडकीबाहेर बघत बसली. आम्हाला काही सुचेना.

तिला जरा बरे वाटावे म्हणून मशीन लावले, तर शिट्टीत भरड घरघरही मिसळली. तेवढ्यात मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "ही लाल वायर गरम लागतेय." मशीन बंद केले आणि पेट्रोल पंपावर थांबलो.

तिथे आम्ही साधेच केले, एकेक गोष्ट काढून बघितली. फक्त रेडिओचे स्टेशन लावले : आवाज स्वच्छ. म्हणजे स्पीकर ठीक. फोन पुन्हा जोडला, इंजिन बंद केले : शिट्टी गेली, थोडी भुणभुण राहिली. मग इंजिन चालू ठेवून फोनची चार्जिंगची वायर उपटली, आणि नाना स्वच्छ! पेटीसुद्धा ऐकू आली. टेप खराब नव्हतीच. आईने तिथेच दोनदा ऐकले. पंपावरचा मुलगा बघतच राहिला.

सादियातला जाऊन आलो. मशीन लावले नाही, आईने हातपंपावर भागवले. आमचा जीव मात्र घरी येईपर्यंत टांगणीला.

दुसऱ्या दिवशी सतव्यात गेलो. तिथे गाडीच्या सामानाची दुकाने खूप. एक वयस्क मल्याळी वायरमन भेटला. त्याने बॉनेट उघडले आणि कपाळावर हात मारला. बॅटरीपासून सीटपर्यंत वायर सरळ आणलेली, मध्ये फ्यूजच नाही! वायर कुठे घासून पत्र्याला लागली असती तर तोडणारे काहीच नव्हते, सरळ आग. शिवाय वायर पातळ. १५० वॅटचे मशीन १२ व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढते, वाया जाणारे धरून चौदा. म्हणून ती तापत होती.

शिट्टीचे कारण त्याने हिंदीत समजावले, ते आम्ही आपल्या रीतीने सांगतो. वीज बॅटरीतून निघते तशी तिला परतही जावे लागते, आणि गाडीत ती पत्र्यातून परतते. त्याला अर्थिंग म्हणतात. रेडिओची परतीची वाट एका जागी, इन्व्हर्टरची दुसऱ्या जागी, आणि तीही सीटच्या रंगवलेल्या बोल्टवर. रंगातून वीज नीट जात नाही. दोन घरांची एकच मोरी आणि ती अर्धी तुंबलेली, तर एकाने पाणी ओतले की दुसऱ्याच्या घरात चढते, तसे झाले. इन्व्हर्टरची वीज फोनच्या वायरीतून रेडिओत शिरून परत जाऊ लागली, आणि जाताना आल्टरनेटरची खळखळ घेऊन गेली. आल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून वेगाबरोबर शिट्टी चढे.

त्याने आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. मग जाड वायर घातली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ३० अँपिअरचा फ्यूज बसवला. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर अर्थिंग आवळले. वीजेची वायर रेडिओच्या वायरीच्या बाजूने नेली होती, ती गाडीच्या दुसऱ्या अंगाने वळवली. तरी थोडी भुणभुण उरली, तेव्हा फोन आणि रेडिओच्या मध्ये एक छोटी डबी लावली. तिच्यात दोन गुंडाळ्या असतात. आवाज पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंच्या वायरी एकमेकींना लागत नाहीत. आम्हाला वाटले होते रेडिओच बदलावा लागेल!

इन्व्हर्टर सिगारेटच्या भोकातून का नाही चालवला, असे कोणी विचारील. त्या भोकाला बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा फ्यूज असतो. आमच्या गाडीत दहाचा, मशीन लावले की उडाला असता. ज्यांनी असे काही बसवून घेतले असेल त्यांनी बॉनेट उघडून बॅटरीजवळ फ्यूज आहे का तेवढे आजच बघा.

आईला परत विमानतळावर सोडायला निघालो तेव्हा मशीन चालू होते आणि नानाही. टेपच्या शेवटी आरती संपते, कोणीतरी "चहा घ्या" म्हणते, नाना खोकतात आणि म्हणतात, "आधी मालिदा." हे शेवटचे आजवर आम्ही कोणीच ऐकले नव्हते. आई म्हणाली, "चहा घ्या म्हणणारी मीच."