रद्दीत गेलेली रजिस्टरे

रमजानच्या आधीची साफसफाई आमच्या घरी मोठी असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका साफसफाईत माळ्यावरची एक गोणी आम्ही रद्दीवाल्याला देऊन टाकली. जुन्या नाशकातील आमच्या मोहल्ल्यात एकेकाळी एक लहानसे उर्दू वाचनालय होते. त्याची रजिस्टरे त्या गोणीत होती. अब्बा तिथे संध्याकाळी विनामोबदला बसत. वाचनालय बंद पडले तेव्हा रजिस्टरे आमच्या घरी आली. अब्बांच्या इंतकालानंतर ती कुणी उघडलीही नव्हती. रद्दीच्या पैशांत आम्ही खजूर आणले आणि विसरून गेलो.

यंदा ईदच्या दुसऱ्या दिवशी आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. वडील रिक्षा चालवतात, मुलगी एम.लिब. झाली आहे. म्हणाली, "टीचर, मला पीएच.डी. करायची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या उर्दू वाचनालयांचा इतिहास. अम्मी सांगत होती, तुमच्या अब्बांच्या वाचनालयाची रजिस्टरे तुमच्याकडे आहेत."

शीरखुर्म्याची वाटी आमच्या हातातच राहिली. खरे ते सांगून टाकले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या रजिस्टरात काय लिहिलेलं असायचं, ते तरी आठवतं का?"

आठवत होते. लहानपणी आम्ही अब्बांच्या शेजारी बसत असू. पुस्तक न्यायला यायची दहा-बारा वर्षांची पोरे. अब्बा पोराचे नाव लिहीत आणि पुढे बारीक अक्षरात, 'वालिदा के लिए' किंवा 'आपा के लिए'. वाचनालयात बायका कधी दिसल्या नाहीत, पण कादंबऱ्या सर्वांत जास्त त्याच वाचत. हे सांगणारा एकमेव कागद आम्ही किलोच्या भावाने विकला होता.

आमच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. अशा संस्थेला इमारत असते, दप्तर असते, उत्सव होतात, स्मरणिका निघतात. मोहल्ल्यातल्या वाचनालयाला एक खोली, दोन कपाटे आणि एक रजिस्टर. रजिस्टर गेले की वाचनालय होते की नव्हते, हेही सिद्ध करता येत नाही.

मुलीचा दुसरा प्रश्न पैशाचा होता. प्रवेशशुल्क, मुंबई-मालेगावच्या फेऱ्या, जुन्या कागदांच्या प्रती, हे सारे कुठून आणायचे? तिचे मामू तर स्पष्टच म्हणाले होते, "नोकरीचा विषय घे. बंद पडलेल्या वाचनालयांवर कोण पैसे देणार?" म्हणून आम्ही दोघींनी बसून हिशेब केला.

आपल्या राज्यात उत्कृष्ट ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने पुरस्कार मिळतो, आणि उत्कृष्ट कार्यकर्ते व सेवक यांना डॉ. रंगनाथन यांच्या नावाने. दोन्ही चांगले आहेत, पण ते ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी आहेत; त्याचा इतिहास शोधणाऱ्या विद्यार्थ्यासाठी नाहीत. अल्पसंख्याक समाजातील संशोधकांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. ती २०२२ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. वाट मात्र पूर्ण बंद नाही. ग्रंथालयशास्त्र हा 'नेट'चा विषय आहे आणि त्यात कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. इतिहास विषयात नोंदणी केली तर भारतीय इतिहास संशोधन परिषदेची फेलोशिप आहे. 'मार्टी' या अल्पसंख्याकांसाठीच्या संशोधन व प्रशिक्षण संस्थेला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली, तिच्याकडेही लक्ष ठेवायला हवे. ज्यांच्या घरी शिकणारी मुले आहेत त्यांनी ही नावे टिपून ठेवावीत.

बाहेरच्या जगात या विषयाला खास बक्षिसे आहेत. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा ग्रंथालय इतिहासाचा एक विभाग आहे. उत्तम निबंधासाठी जस्टिन विन्सर यांच्या नावाने आणि उत्तम प्रबंधासाठी फिलिस डेन यांच्या नावाने तो पुरस्कार देतो. रक्कम किती? पाचशे डॉलर. फार मोठी नव्हे. उत्तम ग्रंथाचा पुरस्कार एलिझा ॲटकिन्स ग्लीसन यांच्या नावाने आहे. या कृष्णवर्णीय बाईंनी १९४० मध्ये शिकागो विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना सार्वजनिक ग्रंथालयाचा दरवाजा किती उघडा आणि किती बंद, हा त्यांचा विषय होता. ते ऐकून आमची विद्यार्थिनी म्हणाली, "टीचर, म्हणजे माझाच विषय!"

आणि लांब कशाला जायचे? बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आपल्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये गादीवर बसले तेव्हा बारा वर्षांचे होते. पुढे १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे तज्ज्ञ बोलावून संस्थानभर ग्रंथालये उभारली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. १९१३ मध्ये तरुण आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेही याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. पुस्तके द्यायची आणि पुस्तकांवर जगू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशात पैसेही घालायचे, ही दोन्ही कामे त्यांनी केली.

आम्ही काही महाराज नाही, शाळेत शिकवून घर चालवतो. पण घरात बोलून असे ठरवले की मुलीची फेलोशिप लागेपर्यंत तिच्या प्रवासाचा आणि प्रतींचा खर्च आमचा. शाळेतल्या मुलांसाठीही यंदापासून पाचशे रुपयांचे एक बक्षीस ठेवले आहे: आपल्या मोहल्ल्यात कोणते वाचनालय होते, ते कोणी चालवले, तिथे कोण काय वाचत होते, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा. आपल्यापैकी अनेक जण सदका, इमदाद देतात. गरजू विद्यार्थ्याला जकात कशी पोहोचवावी ते आलिमांना विचारून घ्यावे. आणि माळा साफ करताना जुन्या पावत्या, शिक्के, रजिस्टरे दिसली तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या शिकलेल्या मुलाला दाखवावीत.

मागच्या रविवारी ती पुन्हा आली. सोबत वही होती आणि मोबाइल रेकॉर्डिंगवर लावलेला. आम्ही विचारले, "हे काय गं?"

"रजिस्टर गेलं, पण तुम्ही आहात ना, टीचर? अब्बांच्या शेजारी बसून जे पाहिलं ते सांगा. पुस्तक न्यायला येणारा पहिला मुलगा कोण आठवतो?"

आम्ही आठवू लागलो. पहिले नाव आठवायला बराच वेळ लागला. अस्रच्या अजानपर्यंत तेवीस नावे झाली होती. त्यातल्या दोन नानी अजून हयात आहेत. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत, इन्शाअल्लाह.