पाणी भरण्याचा सण

लग्न होऊन मी धारवाडला आले त्याच वर्षीची, म्हणजे 1986 सालची दिवाळी. त्रयोदशीच्या संध्याकाळी शेजारच्या कानडी काकू चिंच लावून तांब्याचा हंडा घासत बसल्या होत्या. न्हाणीघर धुऊन स्वच्छ केलेलं, चुलीपुढे रांगोळी. लखलखीत हंड्याला त्यांनी चुन्याच्या रेघा ओढल्या, गळ्यात वेल बांधली आणि तो काठोकाठ भरून हळदकुंकू वाहिलं. “काकू, आज काय आहे?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “नीर तुंबो हब्बा.” पाणी भरण्याचा सण! दुसऱ्या दिवशीच्या अभ्यंगस्नानाची ही तयारी.

माझं माहेर सांगलीचं. कृष्णेच्या घाटावर खेळत वाढलेली मी. पाणी भरण्याचाही सण करतात हे ऐकून मला मौज वाटली. ती मौज महिनाभरही टिकली नाही. इथे तो सण दर तीन-चार दिवसांनी यायचा, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, आणि साजरा करायच्या त्या फक्त बायकाच.

धारवाड-हुबळीला स्वतःची नदी नाही. हुबळीला नीरसागर तलावाचं पाणी असे. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला मलप्रभेवर धरण झालं आणि पुढे तिथून नळ आले. ही मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, आपल्या मराठी बोलणाऱ्या माणसांत. ती आमच्या गल्लीत पोचेपर्यंत कानडी झालेली असायची. पण नळाला दोन्हीकडे नळच म्हणतात, आणि हंड्यालाही हंडाच. पाण्याच्या दिवशी मराठी घर कुठलं नि कानडी कुठलं, हे ओळखू यायचं नाही.

पाणी कधी येईल ते व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसालाच ठाऊक. बहुधा मध्यरात्री. “नीर बंदाव!” अशी एक आरोळी उठायची आणि गल्लीतले दिवे भराभरा लागायचे. पुरुष कूस बदलायचे. पाण्याच्या दिवशी मी माहेरी गेले नाही, लग्नामुंजीला गेले नाही. एकदा सांगलीहून आई आजारी असल्याचं पत्र आलं, तेव्हाही “उद्या पाणी आहे, परवा निघते” असंच माझ्या तोंडून निघालं. तो एक दिवस मला पुढे फार वर्षं टोचत राहिला.

तरी आमचं घर सुखवस्तू. अंगणात जमिनीखाली टाकी होती, गच्चीवर दुसरी. आणि 1990च्या सुमारास आम्ही सरळ नळाच्या लाइनलाच मोटार जोडली. नियमात बसत नव्हतं, पण अर्धी गल्ली तेच करत होती. बटण दाबलं की अर्ध्या तासात टाकी भरे.

आमच्याकडे कामाला एक बाई यायच्या. त्यांना आम्ही अव्वा म्हणत असू. त्यांची वस्ती त्याच लाइनच्या शेवटाला, पंचवीस-तीस घरांत मिळून एक नळ. 1994च्या नरकचतुर्दशीला त्या आल्या त्या अकरा वाजता. मी जरा चिडूनच विचारलं, “अव्वा, सणाच्या दिवशी इतका उशीर?” 

त्या शांतपणे म्हणाल्या, “काय करू अक्कार, दोन वाजल्यापासून पोरगी बिंदगी घेऊन नळापाशी बसलेली. तुमच्या लोकांच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या नळातून नुसता वारा येतो. मोटारी थांबल्या तेव्हा कुठे दोन बिंदग्या मिळाल्या, त्याही गढूळ.”

आवाजात राग नव्हता. पाऊस पडतो तशी मोटार चालते, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आमची अभ्यंगस्नानं पहाटेच झाली होती, हंडाभर ऊन पाण्यानं.

रात्री मी घरात विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, सगळेच लावतात. आपण एकट्यांनी काढून काय होणार?” मीही फार ताणून धरलं नाही. अव्वांच्या मुलीला मात्र सांगितलं, रोज संध्याकाळी आमच्या टाकीतून दोन बिंदग्या नेत जा. ती नेऊ लागली आणि माझं मन निवांत झालं. मी पाणी दान करत होते ना! ते मुळात तिच्याच वाट्याचं होतं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

पुढच्या पावसाळ्यात त्या मुलीला विषमज्वर झाला. दहावीचं वर्ष. ती वाचली, शाळा मात्र सुटली ती कायमची. आमच्या मोटारीमुळे हे झालं असं मी म्हणू शकत नाही. झालं नाही, असंही म्हणवत नाही. नळ बंद असतो तेव्हा पाइपात दाब नसतो, आणि फुटक्या सांध्यांतून गटाराची घाण आत झिरपते. मोटारीनं ओढलं की ती आणखीच खेचली जाते. आम्ही पहिलं पाणी सोडून द्यायचो. ज्यांना दोनच बिंदग्या मिळायच्या, त्यांनी काय सोडायचं?

2008च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीनं शहराच्या सुमारे दहाव्या भागात चोवीस तास पाणी सुरू झालं. त्यात आमचा भाग आला, अव्वांचा आला नाही. अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी 2010-11 साली इथल्या जवळजवळ चार हजार घरांची पाहणी केली. निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. लहान मुलांच्या साध्या जुलाबांत एकंदर फारसा फरक दिसला नाही, पण चोवीस तास पाण्याच्या भागात विषमज्वर झालेली घरं 42 टक्क्यांनी कमी आढळली. तो आकडा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच घर आलं. 2016 साली युनिसेफनं सांगितलं की, जगातल्या बायका आणि मुली पाणी आणण्यात रोज वीस कोटी तास घालवतात. त्यात नळापाशी नुसतं बसून राहिलेले तास धरले असतील का, कोण जाणे.

आमची मोटार निघाली, पण माझ्या पश्चात्तापानं नव्हे. गरज उरली नाही म्हणून भंगारात गेली. म्हादईच्या पाण्यावरून 2018 साली लवादाचा निकाल लागला, तीन राज्यांच्या वाट्यांची चर्चा आमच्या ओसरीवरही रंगली. त्या वेळी मला वाटत होतं, एका गल्लीतले वाटे कुठला लवाद करणार?

अव्वा आता नाहीत. त्यांची मुलगी पंचेचाळिशीच्या पुढची. दिवाळीला आठवणीनं भेटून जाते. गेल्या वर्षी आली तेव्हा मी फराळाचं ताट पुढे ठेवलं आणि न राहवून त्या मोटारीचं बोलले. तीस वर्षांनी. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुमच्या मोटारीचा आवाज मला वेगळा ओळखू यायचा, अक्कार.”

मी काही बोलणार, तोच तिचा फोन वाजला. पलीकडून तिच्या लेकीचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला: “अव्वा, नीर बंदाव!” सहा दिवसांनी आलं होतं. ती चटकन उठली, चपला घातल्या आणि गेलीसुद्धा.

ताटात अर्धी चकली तशीच राहिली.