अठरा मायक्रॉनचा फरक

चाकणच्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने घ्यायचा, ड्रॉइंगशी ताडायचा, टॉलरन्सबाहेरचा तुकडा बाजूला काढायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे डॉक्टरांनी रिपोर्टवर डाव्या डोळ्यापुढचा ७८ आणि उजव्यापुढचा ९६ दाखवला, तेव्हा हे मायक्रॉन म्हणजे काय, ते मला सांगावं लागलं नाही.

त्याआधी काही महिने डावा डोळा आजारी होता. बुबुळ फिरवलं की आत ठणकायचं. काळेवाडी फाट्याच्या सिग्नलचा लाल दिवा त्या डोळ्याला विटका दिसायचा. मग समोरचं सगळंच धुरकट झालं. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला सूज आली होती; ऑप्टिक न्यूरायटिस. एमआरआयमध्ये मेंदूतही डाग निघाले आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचं, एमएसचं, निदान झालं. यात शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावरच उलटते. सलाईनमधून स्टेरॉइड दिलं, नजर परतली, तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता आली. आई म्हणाली, "सुटलीस गं बाई!"

तरीही डॉक्टरांनी ओसीटी करायला सांगितलं. हनुवटी टेकवून मशीनमधल्या खुणेकडे बघत राहायचं, एवढंच. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. अवरक्त प्रकाश डोळ्याच्या पडद्यावर सोडतात आणि परतणाऱ्या प्रकाशावरून एकेका थराची जाडी काढतात. १९९१ साली अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी हे तंत्र जगापुढे मांडलं. पडद्यातल्या मज्जातंतूंवर सहसा मायलिन नसतंच. म्हणून तिथला थर पातळ झाला, तर आवरण नव्हे, तंतूच गेला, हे कळतं. सूज असताना हाच थर उलट जाड दिसतो, म्हणून खरा आकडा कळायला काही महिने थांबावं लागतं.

रिपोर्टवरचे ७८ आणि ९६ हे याच थराच्या जाडीचे आकडे होते. अक्षरं परत आली होती, तंतू आले नव्हते. उन्हात बस थांब्यापासून घरापर्यंत चालत आले की डावा डोळा पुन्हा धुरकट का होतो, हे मला त्या दिवशी उमगलं. अंग तापलं की इजा झालेल्या नसेतून संदेश नीट जात नाहीत. उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच हे नोंदवलं होतं. तोवर घरच्यांना तो थकवा वाटायचा, साहेबांना कामचुकारपणा. आता तपासणी टेबल भट्टीपासून लांब हवं, हे मी रिपोर्ट पुढे ठेवून सांगितलं आणि ते मिळालं.

पातळ थर काचबिंदूतही दिसतो, त्यामुळे एकट्या ओसीटीवरून एमएस ठरत नाही. पण एमएस असेल, तर डोळा एकदाही न दुखता हा थर झिजू शकतो. म्हणून माझा धडधाकट उजवा डोळाही दरवर्षी मोजला जातो. औषध झीज रोखतंय का, याचा एक अंदाज त्यातून मिळतो.

मधुमेह आणि काचबिंदूच्या रुग्णांसाठी ही मशीन आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये आधीच आलेली आहेत. एका डोळ्याला रंग विटके दिसले, डोळा फिरवताना दुखलं, तर चष्म्याच्या नंबरवर थांबू नका. लगेच डॉक्टर गाठा. आणि नजर परतली, तरी तो थर मोजून घ्या. तक्ता वाचता येणं म्हणजे नस शाबूत असणं नव्हे.