हुपरीतली अमेरिका

आमच्या हुपरीत एस. टी. स्टँडजवळ चहाची एक टपरी आहे. इशाची नमाज झाली की मी आणि मामू तिथं जातो. तोवर अण्णा आणि पाटील बाकडं अडवून बसलेले असतात. अण्णा जैन, चांदीचे व्यापारी, आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. पाटील ऊसवाला. मामू हा माझा मामा नव्हे, तो साऱ्या गावाचाच मामू. चार कारागीर घेऊन घरीच पैंजण करतो. मी निवृत्त मास्तर. अण्णा सोडले तर आम्ही तिघं एकाच वर्गातले. गावच्या गटारीवरून सुरू झालेली चर्चा दुसऱ्या कपाला अमेरिकेत पोहोचते. आमच्यापैकी एकानंही अमेरिका पाहिलेली नाही, त्यामुळं सगळ्यांची मतं अगदी ठाम असतात.

परगावच्या पाहुण्याला याचं हसू येतं. पण हुपरी हे चांदीचं गाव आहे. इथं घराघरात काम चालतं. कुणी चांदी आटवतो, कुणी तार ओढतो, कुणी झाळतो. बायका स्वयंपाक उरकून पैंजणाच्या कड्या जोडतात, घुंगरं लावतात. आणि या चांदीचा भाव ठरतो लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात, डॉलरमध्ये, औंसावर. एक औंस म्हणजे एकतीस ग्रॅमच्या जरा वर. तिकडं व्याजदराची बैठक असली की इकडं मामूची भट्टी थंड पडते, कारण भाव कुठं जाणार हे कळल्याशिवाय कुणी ऑर्डर देत नाही. तेव्हा अमेरिका ही आमच्यासाठी परदेशाची गोष्ट नाही, चुलीची आहे.

पाटलाला ट्रम्प आवडायचा. ‘‘गडी मनात आलं ते बोलतोय, पोटात एक आणि ओठात एक नाही,’’ असं त्याचं म्हणणं. त्यावर मामू उसळायचा. ‘‘२०१५ साली मुसलमानांना देशात येऊच देऊ नका म्हणाला, तेपण मनातलंच की!’’ पुढं २७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या मालावरचं शुल्क पन्नास टक्क्यांवर गेलं, तेव्हा पाटलानंही आपल्या पाठिंब्यात पन्नास टक्के कपात जाहीर केली. फेब्रुवारी २०२६ मध्ये शुल्क खाली आणल्याची घोषणा झाली, पण पाटील म्हणाला, ‘‘आमचा दर एकदा ठरला की बदलत नाही. आम्ही काय ट्रम्प आहे का?’’

४ नोव्हेंबर २०२५ ला जोहरान ममदानी न्यूयॉर्कचा महापौर म्हणून निवडून आला, ती बातमी आली त्या रात्री मामूनं सगळ्यांना चहा पाजला. मी माहिती पुरवली, की त्याचे वडील महमूद ममदानी १९४६ साली मुंबईत जन्मले.

‘‘म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा नातूच म्हण की!’’ मामू खूश.

पाटील म्हणाला, ‘‘आई मीरा नायर. म्हणजे निम्मा आमचापण.’’

अण्णांनी शांतपणे विचारलं, ‘‘दोघांचा झाला हे बरं झालं. आता आपल्या टपरीसमोरची गटार त्याच्याकडनं कोण साफ करून घेणार, तेवढं ठरवा.’’

माझा विषय वर्तमानपत्रं आणि टीव्ही. मास्तरकीची खोड, दुसरं काय! अमेरिकेत १९४९ पासून एक नियम होता, की वादाच्या प्रश्नावर रेडिओ-टीव्हीवाल्यांनी दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. १९८७ साली तो मोडीत निघाला. पुढं बातम्यांची चॅनेलं आली आणि ज्याला जे आवडतं तेच दाखवायचा धंदा वाढला. २०२० च्या निवडणुकीनंतर मतदान यंत्रांबद्दल खोट्या गोष्टी फॉक्स न्यूजवरून सांगितल्या गेल्या. यंत्रं बनवणाऱ्या डॉमिनियन कंपनीनं दावा लावला आणि एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. हे मी अनेकदा रंगवून सांगितलं होतं. अण्णा म्हणायचे, ‘‘तो दोन्ही बाजूंचा नियम आपल्या कट्ट्यावर अजून चालू आहे हो मास्तर. इथं एक बोलला की दुसरा उलटं बोलतोच.’’

एके दिवशी मात्र कुणीच उलटं बोललं नाही.

तो ८ ऑगस्ट २०२५ चा शुक्रवार. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्यानं एक किलोच्या सोन्याच्या लगडींवरही शुल्क लागेल असा निर्णय दिल्याची बातमी आली. मी टीव्हीवरची पट्टी वाचली, खालचा मजकूर काही वाचला नाही. अण्णा त्या दिवशी परगावी गेले होते. मी ऐटीत म्हणालो, ‘‘आज सोनं, उद्या चांदी. शुल्क लागलं की मागणी बसणार, भाव पडणार.’’ पाटलानं मान डोलावली. मामू गप्प राहिला. मुलीच्या लग्नासाठी त्यानं तीन किलो चांदी साठवून ठेवली होती. लग्न डिसेंबरात. शनिवारी सकाळी तो कोल्हापूरला गुजरीत गेला आणि सगळी विकून आला.

सोमवारी, ११ ऑगस्टला, सोन्यावर शुल्क लागणार नाही असं खुद्द ट्रम्पनंच जाहीर केलं. अण्णा आले आणि म्हणाले, ‘‘अहो, शुल्काच्या भीतीनं तिकडचा भाव वर जात होता, खाली नाही. मास्तर, तुम्ही उलटं वाचलं.’’ पुढं ऑक्टोबरात चांदीनं औंसाला पन्नास डॉलर ओलांडले. टेक्सासच्या हंट बंधूंनी चांदीचा साठा केला, तेव्हा जानेवारी १९८० मध्ये भाव पन्नासच्या आसपास गेला होता आणि २७ मार्चला कोसळला. पंचेचाळीस वर्षं न हललेला तो उच्चांक अखेर मागं पडला. आमच्याकडं किलोचा भाव दीड लाखाच्या पुढं गेला. मामूनं विकली होती सव्वा लाखाच्या आत.

मी दोन दिवस टपरीवर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी मामूच घरी आला. मी माफी मागू लागलो तर म्हणाला, ‘‘राहू दे. हुजुरात सूरहमध्ये सांगितलंय, बातमी आली की आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल. आपण दोघांनीही केली नाही. तू सांगताना नाही, मी ऐकताना नाही.’’

मला ७ जून २०२३ आठवला. मोबाईलवरच्या स्टेटसवरून त्या दिवशी कोल्हापुरात बंद झाला, दगडफेक झाली, मग इंटरनेट बंद पडलं. आमच्या गल्लीत संध्याकाळपर्यंत फोनवर फोन येत होते. अमुक ठिकाणी असं झालं, तमुक ठिकाणी तसं झालं. पाटील बोलावल्याशिवाय येऊन माझ्या दारात खुर्ची टाकून बसला होता. अण्णा तासातासाला फोन करत होते. आणि मामू सांगत येणाऱ्या प्रत्येक पोराला एकच विचारत होता, ‘‘तू डोळ्यानं बघितलंस काय? नाही ना? मग घरी जा आणि तोंड बंद ठेव.’’ त्या रात्री आमची गल्ली शांत झोपली, त्याला त्याचा हा प्रश्नही कारण होता.

त्या दिवशी कुणाच्याच तोंडच्या बातमीवर भरवसा न ठेवणारा हा माणूस माझ्या एका वाक्यावर तीन किलो चांदी विकून आला. मी मास्तर, मी वाचणारा, म्हणून. फॉक्सवर हसणाऱ्या मला तेव्हा कळलं, की खोटी बातमी परक्याच्या तोंडून येते तेव्हा आपण सावध असतो. ती विश्वासातल्या माणसाच्या तोंडून येते, तेव्हा शहानिशा करणं हा आपल्याला त्याचा अपमान वाटतो. आणि सांगणाऱ्याला आपण खोटं सांगतोय हे ठाऊकही नसतं.

लग्न डिसेंबरात झालं. मामूनं मुलीचे पैंजण स्वतःच्या हातानं केले, ठरवले होते त्यापेक्षा हलक्या वजनाचे. अण्णांनी चांदी उधारीवर दिली आणि परत कधी, हे विचारलं नाही. पाटलानं मांडवासाठी ट्रॅक्टर पाठवला. मी काय देणार? निकाहनंतर मामूलाच विचारलं. तो म्हणाला, ‘‘फॉक्सवाल्यांनी पावणेएकोणऐंशी कोटी डॉलर दिले. तूच सांगत होतास. तू चहा दे.’’

तेव्हापासून टपरीचं बिल माझ्याकडं आहे. आता अमेरिकेची नवी बातमी निघाली की पाटील आधी विचारतो, ‘‘मास्तर, पट्टी वाचलीस का सगळं वाचलंस?’’ सगळं वाचलं नसेल तर मी तसं सांगतो आणि गप्प चहा पितो. मी पैसे दिले की मामू टपरीवाल्याला ओरडून सांगतो, ‘‘लिहून ठेव रे, पावणेएकोणऐंशी कोटीतले चाळीस रुपये जमा!’’