श्वास थांबला की गाणं थांबतं

इमोजेन हीपचं 'हाइड अँड सीक' हे गाणं हेडफोन लावून ऐका. ड्रम नाही, गिटार नाही, बेस नाही. एकाच बाईचा आवाज आहे, पण तो एकाच वेळी कितीतरी सुरांत येतो. मध्येच ती थांबते आणि तिच्याबरोबर सगळंच थांबतं. एवढी शांतता पॉप गाण्यात सहसा कुणी ठेवत नाही.

हे गाणं झालं ते कॉम्प्युटर बंद पडल्यामुळे. इमोजेननं मुलाखतींत सांगितलंय की, त्या संध्याकाळी काहीच न करता स्टुडिओतून निघायचं तिच्या जिवावर आलं होतं. शेल्फवर एक हार्मोनायझर पडला होता. तिनं त्याला माइक आणि कीबोर्ड जोडला, मिनीडिस्कवर रेकॉर्ड दाबलं आणि गायला लागली. या यंत्राचं काम सोपं आहे: तुम्ही गाता तो आवाज ते घेतं आणि कीबोर्डवर दाबलेल्या पट्ट्यांच्या सुरांत तिथल्या तिथे वळवतं. तिनं ते चार सुरांवर लावलं होतं. पण गाणारी गप्प बसली, तर पट्ट्या कितीही दाबा, यंत्र मुकं. त्याला स्वतःचा आवाजच नाही.

मला ही बाई सापडली 'द ड्यूअरिस्ट्स'मुळे. २०११ मध्ये तिनं विशाल-शेखरबरोबर केलेलं गाणं यूट्यूबवर बघितलं आणि तिथून मागे मागे जात 'हाइड अँड सीक'पर्यंत पोचले. तेव्हा आवडलं, एवढंच. त्याची गरज पडली ती नंतर, चोविसाव्या वर्षी, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर.

बोलणं शाबूत होतं. फोनवर कुणाला फरक कळायचा नाही. पण मध्य सप्तकाच्या वर गेलं की आवाज फाटायचा, त्याच्याही वर नुसती हवा. उंच सुरांसाठी स्वरतंतू ताणणारी बारीक नस तिथंच असते, तिला धक्का लागू शकतो, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. वर्षभर वाट पाहिली. तार षड्ज आला नाही. दहा वर्षं ज्यांच्याकडे शिकले त्या बाई म्हणाल्या, "आता छान श्रोता हो." त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं.

मी स्वस्तातला माइक घेतला आणि लॅपटॉपवर हार्मोनायझर चालवायला शिकले. बाईंना ऐकवलं तर म्हणाल्या, "हा काही तुझा आवाज नाही." तेव्हा त्यांच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू होता आणि समोर पेटी होती. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हीच पेटी आपल्या संगीताला चालत नाही म्हणून बंद केली होती आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. कुठलं यंत्र खोटं आणि कुठलं आपलं, हे बऱ्याचदा फक्त सवयीनं ठरतं.

इमोजेनकडे बघितलं की हे जास्त स्पष्ट होतं. ती लहानपणी पियानो, चेलो, क्लॅरिनेट शिकली; पारंपरिक शिक्षण नव्हतं म्हणून यंत्रांकडे वळली, असं काही नाही. २००५ चा 'स्पीक फॉर युवरसेल्फ' तिनं फ्लॅट गहाण टाकून केला. लिहिणं, गाणं, प्रोड्यूस करणं, सगळं स्वतः. पुढच्या 'एलिप्स'साठी २०१० मध्ये तिला ग्रॅमी मिळालं, तेही गाण्यासाठी नाही, तर ध्वनिमुद्रणाच्या इंजिनिअरिंगसाठी. मग तिनं सहकाऱ्यांबरोबर सेन्सर लावलेले हातमोजे बनवले, म्हणजे स्टेजवर लॅपटॉपमागे लपायला नको. हात हलवला की आवाज बदलतो. 'मी द मशीन' हे गाणं त्या हातमोज्यांसाठीच केलेलं. तेच हातमोजे आरियाना ग्रांदेनं तिच्या टूरवर वापरले. 'हाइड अँड सीक'चा तुकडा घेऊन जेसन डेरुलोनं २००९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचं गाणं केलं.

या सगळ्यात तिनं यंत्र कधी लपवलं नाही. मला तिचं तेच सगळ्यात आवडतं. आपल्याकडे स्टुडिओत सूर गुपचूप सरळ करून घेतात आणि 'नैसर्गिक गळा' म्हणून विकतात. तिचं गाणं ऐकताना यंत्र पहिल्या सेकंदाला कळतं आणि तरी अंगावर काटा येतो, कारण आतला श्वास तिचा आहे.

आता मी रोज रात्री तासभर गाते. माझा सगळा कारभार मंद्र आणि मध्य सप्तकात. वरचा सा यंत्र देतं. पण ते माझ्याच सुराला वर उचलतं. खालचा सा मलाच लावावा लागतो, आणि तो जरा जरी हलला, तर वरचाही हलतो. त्यामुळे रियाज चुकवता येत नाही.